डॅशबोर्डवरून सस्पेन्शन कडक-मऊ: 900 किलोमीटरनंतर

गाडीत बसल्या बसल्या शॉक अब्जॉर्बर कडक-मऊ करता येणारं किट लावून निघालो, तेव्हा गाडीत चार माणसं आणि डिकी गच्च भरलेली. पहिल्याच गतिरोधकावर मागची बाजू वर गेली, खाली आली, पुन्हा एकदा उसळली आणि मग थांबली. किटच्या स्क्रीनवर मागचे शॉक अब्जॉर्बर (चाकाजवळचे, स्प्रिंगची उसळी आवरणारे) 10 वर होते. माझ्या किटमध्ये 16 पायऱ्या आहेत, 0 सर्वांत कडक. शॉकच्या डोक्यावरची छोटी मोटर तो कडक-मऊ करणारा आतला स्क्रू फिरवते, बास. मागे 6 केलं. पुढच्या गतिरोधकावर गाडी एका दमात बसली. थांबायचं नाही, डिकी उपसायची नाही. त्या क्षणी खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं.

हायवेवर मात्र तीन तास बटणाला हातही लावला नाही.

घाटात पुढचे शॉक कडक केले. स्टेअरिंगला गाडी लगेच उत्तर देऊ लागली, पण लांबलचक वळणात ती कलायची तेवढीच कलली. ते बरोबरच आहे. कलण्याचा वेग शॉक ठरवतो. शेवटी किती कलणार, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बारवर (कलणं आवरणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) असतं. घाटात गाडी झुकते म्हणून कुणी हे किट घेणार असेल, तर घेऊ नका.

चूक केली ती उखडलेल्या रस्त्यावर. गाडी ताब्यात राहील म्हणून सगळं कडक ठेवलं. दारातली पाण्याची बाटली सतत खडखडत होती आणि एका खडबडीत वळणावर मागचं चाक चक्क बाजूला सरकलं. कडक शॉकमुळे चाक खड्ड्याच्या मागोमाग खाली जात नाही, टायर रस्ता सोडतो. पुढे 12, मागे 9 केल्यावर खडखड थांबली. मागेही 12 करून पाहिलं, तर भरलेली गाडी एका खोलगटात खाली आपटली. म्हणजे ओझं असताना मागे अगदी मऊ नको.

तुम्ही जाणार असाल तर आधी टायर थंड असताना हवा तपासा. हवा जास्त असेल तर मऊ सेटिंगचा काही उपयोग नाही. ओळखीच्या एकाच रस्त्यावर दोन-दोन पायऱ्या बदलून पाहा आणि आकडे लिहून ठेवा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मोटरची वायर कुठे ताणली जात नाही ना, ते बघा. शॉकमधून तेल गळत असेल तर आधी शॉक बदला.

रोज एकट्याने त्याच रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्याला मी हे घ्या म्हणणार नाही. हाताने फिरवायचे शॉक एकदा नीट लावले की त्याचं काम भागतं. मीही रोज पुढे-मागे 10 वरच असतो. दर आठवड्याला कधी रिकामी, कधी भरलेली गाडी चालवणाऱ्याने जरूर घ्यावं. फक्त सामान उतरवल्यावर मागचा आकडा परत न्या. मी दोन दिवस विसरलो आणि रिकामी गाडी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर पाठीत गचका देत राहिली.