जिनिंगच्या गोदामातले प्रदर्शन

नागपुरातील एकाच कला महाविद्यालयातून निरनिराळ्या वर्षी शिकून बाहेर पडलेल्या आम्हा अकरा जणांचे समूह प्रदर्शन गेल्या फाल्गुनात वर्धा जिल्ह्यातील माझ्या गावी, बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, गोदामात पाच दिवस भरले होते. त्या भिंतींना सरकीचा वास अजून आहे. विजेचा भरवसा नसल्यामुळे आम्ही दिव्यांचा नाद सोडला, दोन्ही बाजूंचे मोठे दरवाजे उघडे ठेवले आणि कोणते काम सकाळच्या उजेडात खुलते व कोणते उतरत्या उन्हात, हे पाहून मांडणी केली.

सर्वांत जास्त गर्दी जमिनीवरच्या एका कामाभोवती होती. माझ्या एका वर्गमैत्रिणीने बारा फूट लांबीच्या चौकटीत काळी माती ओली करून वीतभर जाडीचा थर दिला होता आणि पुढे त्याला हात लावायचा नाही, असे ठरवले होते. आपल्या काळ्या मातीतले चिकण खनिज पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते. त्यामुळे पहिल्या दिवशी गुळगुळीत असलेला तो पृष्ठभाग चौथ्या दिवशी भेगांनी भरून गेला. एक वृद्ध शेतकरी बराच वेळ उकिडवे बसून पाहत होते. ते म्हणाले, "हे भारी वावरातली माती हाय. हलकीले अशा भेगा नाई पडत." माती खरोखरच नदीकाठच्या वावरातून आणलेली होती. त्या कामाविषयी याहून नेमके कोणी बोललेले मी ऐकले नाही.

अमूर्त चित्रांपुढे मात्र लोक थांबले नाहीत. त्याचा दोष मी चित्रांना देत नाही, पाहणाऱ्यांना तर मुळीच नाही. चित्रांशेजारच्या पट्ट्यांवर आम्ही महानगरातल्या कलादालनांसाठी लिहितो तोच मजकूर लावला होता, आणि तो वाचल्यावर माणूस चित्रापासून दोन पावले आणखी लांब जात होता. रंग कशाचा, कापड कोणते, थर किती, एवढे जरी साध्या मराठीत लिहिले असते, तरी बोलण्याला सुरुवात झाली असती.

खेड्यात कला मांडण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. गांधीजी ज्या वर्षी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, त्याच १९३६ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले आणि त्यांच्या सांगण्यावरून बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून तिथली सजावट उभी केली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत कष्टकऱ्यांची चित्रे केली, ती येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसावीत म्हणून. पाहणारा कोण आहे, हा प्रश्न त्यांनी काम सुरू करण्याआधी सोडवला होता. आम्ही तो पुरता सोडवलेला नव्हता.

हे मला एका सहकाऱ्याच्या मांडणीपुढे फार तीव्रतेने जाणवले. त्याने छताच्या कैचीतून एक दोर सोडला होता आणि त्याखाली रिकामी बाज ठेवली होती. दुसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या एक काकू आत आल्या, त्यांनी दोर पाहिला, पदर तोंडाला लावला आणि काही न बोलता त्या बाहेर पडल्या. जे काम मुंबईच्या प्रेक्षकाला विदर्भाची बातमी देते, तेच काम इथे एखाद्या घरातली गोष्ट न विचारता चव्हाट्यावर आणते, असे माझे स्पष्ट मत झाले आणि ते मी त्याला रात्री सांगितले. तो आधी रागावला. धक्का बसल्याशिवाय माणूस विचार करत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही उशिरापर्यंत वाद घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडण्यापूर्वी त्याने स्वतः शिडी लावून दोर उतरवला. बाज तिथेच राहिली. दुपारी उन्हातून आलेली म्हातारी माणसे तिच्यावर टेकू लागली, पाणी मागू लागली, आणि त्याने पाच वाजेपर्यंत कोणालाच उठवले नाही.