सिस्टरनी केसपेपरच्या मागे मांडलेला हिशोब

नाशिकच्या सिडकोतल्या दवाखान्यात माझी शुगर काठावर निघाली. डॉक्टर "चाला, वजन उतरवा" म्हणून मोकळे झाले. खरं काम केलं ते पुढच्या टेबलावरच्या सिस्टरनी.

"काकू, दिवसभरात हालचाल किती होते?"

माझं उत्तर तयारच होतं. पहाटे उठून डबे, धुणी, फरशी, सासूबाईंचं पथ्यपाणी. बसायला मिळतं कुठे? आता ऐकवणार, घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे! पण त्या म्हणाल्या, "फरशी पुसताना श्वास वाढतो, अंग तापतं ना? मग ती धरायची. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं मात्र नाही धरायचं." केसपेपरच्या मागे सोमवार ते रविवार लिहून माझ्याकडूनच मिनिटं भरून घेतली. बेरीज बघून मी गप्पच झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल हवी. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत म्हणायचे, आता ती अट नाही. हे कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण सलग अर्धा तास माझ्या नशिबी नाही. सिस्टरनी विचारलं, "पवननगरला भाजीला कशा जाता?" रिक्षाने. "येताना ओझं असतं, रिक्षा करा. जाताना चालत जा." चालण्याचा वेग कसा ओळखायचा? बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. (माझं गाणं तसंही घरात कोणी ऐकत नाही.)

शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारं काहीतरी. जिमचं नावही न काढता त्यांनी खुर्चीत बसून दाखवलं: हात छातीशी, टेकू न घेता उठायचं, सावकाश बसायचं. मग भिंतीला तळवे लावून दंड. गुडघ्याला कळ आली तर थांबायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठायचा.

पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या. पुढच्या वेळी शुगरसोबत सिस्टरनी माझा कागदही मागितला. कोणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर आपोआप पाय निघतात, हे माझं स्पष्ट मत. आता रविवारी मुलाबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढते. तिथे दम लागतो, बोलणं तुटतं. अशा जोराच्या चढाचं एक मिनिट साध्या दोन मिनिटांइतकं धरतात.

सासूबाईंचंही विचारून आले. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम हवेत, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. त्या ओट्याला धरून एका पायावर उभ्या राहतात आणि मला म्हणतात, "तू आधी दूध बघ, उतू चाललंय."