सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या सपाट पठारावर, तुम्ही लव्हाळंच का मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच म्हणूनही. "सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू एवढे फुललेत, ते सोडून त्या गवताची कसली मोजणी?"

पहिलं म्हणजे ते गवत नाही. देठ दोन बोटांत धरून फिरवा. लव्हाळ्याचा बहुधा तीनधारी आणि भरीव लागतो, गवताचा गोल, पोकळ आणि पेरांचा. लव्हाळ्याच्या पानाचा वेढा देठाभोवती नळीसारखा बंद असतो, गवताचा उघडा. 'बहुधा' म्हटलं, कारण एलिओकॅरिस नावाच्या लव्हाळ्याचा देठ सहसा गोल असतो आणि पान म्हणावं असं त्याला काही नसतंच. लव्हाळ्यावरची ओळ सगळ्यांना पाठ असते. लव्हाळा हातात दिला तरी ओळखत नाहीत.

दुसरं, रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळसड्यावर चार महिने पाणी पडतं आणि जांभ्यात जिरायला जागा कमी, म्हणून खळग्यांत साचतं. माती बोट-दोन बोटं. अशा खळग्यात कडेला बुटकं फिंब्रिस्टायलिस, जरा आत सायपेरस (ही दोन्ही लव्हाळीच) आणि गेंद, पाणी टिकतं तिथे एलिओकॅरिस. वीतभर चढउतारात वस्ती बदलते. फूल दोन आठवडे दिसतं. पाणी किती दिवस उभं राहिलं ते लव्हाळं सांगतं.

मोजायचं असेल तर कोरड्या कातळापासून खळग्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणा. दर दोन मीटरवर एक मीटरची चौकट ठेवा, पट्टीने पाण्याची खोली घ्या, मग प्रत्येक जातीने किती टक्के जागा व्यापली ते लिहा. रोपं मोजू नका. जमिनीखालून पसरणाऱ्या लव्हाळ्याचे शंभर देठ एकाच रोपाचे असू शकतात. बेरीज शंभराच्या वर गेली तर घाबरू नका, थर एकावर एक असतात. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर अशा तीन खेपा हव्यात, कारण ओळख पिकलेल्या दाण्यावर ठरते. दहापट भिंगाखाली पाहा: एलिओकॅरिसच्या दाण्यावर टोपी राहते, फिंब्रिस्टायलिसची गळून पडते. नुसत्या ऑगस्टच्या खेपेवर केलेल्या याद्या इथेच फसतात. नमुना मुळासकट घ्या, रद्दी कागदांत दाबून वाळवा, आणि पहिले चार दिवस रद्दी रोज बदला, नाहीतर बुरशी.

आता एका चराची गोष्ट. एका सड्यावर हापूसच्या कलमांसाठी सुरुंगाने खड्डे घेतलेले, त्यांत बाहेरची माती भरलेली. शेजारच्या खळग्यातलं पाणी कलमांकडे येऊ नये म्हणून मालकाने खळग्याच्या ओठातून वीतभर खोल चर काढायचा ठरवला आणि मला विचारलं. मी म्हटलं, काढा, वीतभराने काय होतंय, फुलं राहतील. पहिल्या वर्षी फुलं राहिली नुसती नाहीत, वाढली! पाणी उतरल्यावर ओल्या मोकळ्या मातीवर सीतेची आसवं दाटून आली. लोक फोटो काढत होते, मीही खूश. चौकटीत एलिओकॅरिस मात्र पिवळं पडलेलं. मी ते लिहिलं आणि विसरलो. मुळांची जाळी मेली, तशी तिने धरून ठेवलेली माती दुसऱ्या पावसाच्या पहिल्या सरींत चरातून वाहून गेली. खाली टक्क जांभा. उरल्या कडांवर उंच गवत चढलं, दिवाळीनंतर ते वाळलं, वणव्यात जळलं. तिसऱ्या वर्षी फुलंही तुरळक. मालकाने, भला माणूस, चर दगड-चिखलाने बुजवून दिला. पाणी परत साचलं. माती कुठून आणणार? कलमांतली आणून टाकावी म्हणाल, तर तिच्यात खत असतं आणि या वस्तीला भुकी माती लागते. दवबिंदू कीटक खातो तो हौसेने नाही.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: फुलं वाढली होती ना? वाढली होती. म्हणूनच फुलं मोजून कळलं नसतं. पण दुसरीकडे हेही खरं, की मी लव्हाळं मोजत होतो आणि तरीही मला कळलं नाही. मोजणी करणं आणि तिचं ऐकणं यांत बरंच अंतर आहे, हे कबूल करायला मला आवडत नाही.

कातळशिल्पं बघायला येणारे याच ओल्या पट्ट्यावरून चालत जातात, त्यांनाही मी दोरीच्या बाहेरून जा म्हणतो, ते हसतात. बुजवलेल्या खळग्यात आता कडेला फिंब्रिस्टायलिसचे चार झुबके आहेत, बियांवर आलेले. मध्ये अजून उघडा दगड आहे. एलिओकॅरिसची गड्डी शेजारच्या खळग्यातून आणून लावावी की वाट पाहावी, यावर माझं दर वर्षी वेगळं मत होतं. यंदा लावू नये असं वाटतंय.