उणे एक

मोठ्या भावाकडून माझ्याकडे आलेल्या फिल्म कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र किती उघडायचे ते आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने, अशी वाटणी आहे. त्याच्या डाव्या खांद्यावर उणे दोन ते अधिक दोन असे आकडे कोरलेली एक चकतीही आहे. पहिली दोन वर्षे मी तिला हात लावला नाही, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सांगतो ते खरेच असणार, असा माझा भाबडा समज होता.

तो समज दीक्षाभूमीवर मोडला. मे महिन्यातल्या सकाळच्या उन्हात तो पांढराशुभ्र घुमट डोळ्यांना सोसवत नव्हता. फोटोत मात्र तो पावसाळी ढगासारखा मळकट उतरला. समोर चुना आहे की कोळसा, हे मीटरला कळत नाही. ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परत फेकणारी एक मधली राखाडी छटाच काय ती त्याला ठाऊक असते आणि दिसेल ते तो तिच्याच मापात बसवू पाहतो. म्हणून पांढऱ्याला पांढरे ठेवायचे तर चकती अधिककडे फिरवावी लागते, काळ्याला काळे ठेवायचे तर उणेकडे, आणि एक घर अधिक म्हणजे फिल्मवर दुप्पट प्रकाश. (ज्या कॅमेऱ्याला चकतीच नाही, तिथे १०० एएसएचा (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचे माप) रोल घालून मीटरला ५० सांगितले की काम भागते.) आधीच लख्ख असलेल्या घुमटावर आणखी प्रकाश ओतायचा, हे मनाला पटायला मात्र मला आणखी एक रोल खर्ची घालावा लागला.

एवढे शहाणपण गाठीला बांधून मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गेलो. ‘घेऊन जा गे मारबत’च्या गजरात काळी मारबत जवळ आली, तिने सारी चौकट व्यापली, तेव्हा मी ऐटीत चकती उणे एकवर नेली आणि सहा-सात फोटो घेतले. संध्याकाळी तान्हा पोळा होता. गल्लीतली मुले सजवलेले लाकडी बैल ओढत निघाली आणि मावळत्या उजेडात मी ३६ फोटोंचा तो रोल संपवला. चकती उणे एकवरच होती, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकात तिची काहीच खूण दिसत नाही.

रोल धुऊन आला तेव्हा संध्याकाळच्या निगेटिव्ह विरळ, जवळजवळ पारदर्शक होत्या. निगेटिव्ह फिल्म एखाद-दुसरे घर जास्तीचा प्रकाश सहज पचवते. उपास मात्र तिला सोसत नाही. सावलीतले जे तिच्यावर उमटलेच नाही, ते प्रिंट करणारा कुठून आणणार? त्यातून मारबतीचे पहिले प्रिंटही राखाडीच आले, कारण स्टुडिओतले यंत्रसुद्धा मीटरच्याच जातीचे, सगळ्यांना एका रंगात आणणारे. स्टुडिओवाले काका म्हणाले, “अहो, निगेटिव्हवर उणे करायचं कशाला? शून्यावर घेतली असती तरी मी काळीच छापून दिली असती. उण्याची चैन स्लाइडवाल्यांची, त्यांची फिल्म हाच फोटो, छापताना सुधारायची सोय नाही.” मग त्यांनी ती पुन्हा छापली आणि मारबत खरोखरच काळीभोर झाली.

तान्ह्या पोळ्याचा एक फोटो मी भाच्याला दाखवला. त्यात बैलाच्या शिंगांची बेगड तेवढी चमकते आहे आणि दोरी धरलेला भाचा अंधारात बुडाला आहे. त्याने बराच वेळ न्याहाळून, शिंगांवरून, बैल आपलाच असल्याचे ओळखले.