मध्यरात्रीचा पहारा, यमकासकट

नव्या डायरीचं पहिलं पान सगळेच जपून लिहितात. वर 'श्री', समास सरळ, अक्षर टपोरं. चार तारखेला अक्षर उतरणीला लागतं आणि दहा तारखेच्या पानावर दूधवाल्याचा हिशेब येतो. जानेवारीतल्या दुपारी अशी कोरी डायरी समोर आली की मला हटकून अमेरिकी नौदल आठवतं. त्यांच्या जहाजांच्या लॉगबुकात वर्षातली पहिली नोंद कवितेत लिहायची चाल आहे.

लॉगबुक म्हणजे जगातला सगळ्यात कोरडा ग्रंथ. त्यात विशेषणाला जागा नाही. पण १ जानेवारीला ०००० ते ०४०० हा जो मध्यरात्रीचा पहारा, त्याच्या नोंदीला यमक चालतं. १९२० च्या दशकातली अशी पद्यं सापडतात. सक्ती कुणावर नाही. चार वाजता पहारा बदलला की पुन्हा गद्य.

मौज अशी की दिवसभरातली सगळ्यात लांबलचक नोंद नेमकी याच पहाऱ्याच्या वाट्याला येते. नंतरचे पहारेकरी 'पूर्ववत' म्हणून मोकळे होतात. मध्यरात्रीच्या माणसाला मात्र सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. जहाज धक्क्याला असेल तर कुठल्या धक्क्याला, डाव्या अंगाने की उजव्या, दोर किती आणि दुहेरी का एकेरी, किनाऱ्यावरून वीज-पाणी घेतोय का. समुद्रात असेल तर कुणाच्या हुकमाने, कुठल्या ताफ्यात, रोख किती अंश, वेग किती नॉट, कुठले बॉयलर पेटलेले, कुठले जनरेटर चालू. शिवाय जहाजाची बंदिस्ती कुठल्या दर्जाची: 'एक्स-रे', 'योक' की 'झीब्रा', म्हणजे कुठले दरवाजे आणि झडपा आवळून बंद आहेत. बंदरात आणखी कोणती जहाजं आहेत आणि हजर असलेल्यांत ज्येष्ठ अधिकारी कोण, तेही. या ज्येष्ठाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सोपा' म्हणतात. यमकात बसवायला एवढी अवघड गोष्ट दुसरी नसेल.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचा प्रकार उखाणा. नाव आलंच पाहिजे, यमक जुळलंच पाहिजे, आणि 'नाव बसेना म्हणून गाळलं' असं आजवर कुठल्या नवरीने सांगितलेलं नाही. फरक इतकाच, की उखाण्यात चांदीचं ताट, मोत्याची नथ असा पसारा आधी येतो आणि नाव शेवटी एकदाच. लॉगमध्ये ओळीओळीला नाव, आकडा, पुन्हा नाव. नथीसाठी जागाच उरत नाही.

करून पाहावं. समजा, जहाज नांगरलेलं आहे. पाणी दहा वाव, तळाला चिखल, डाव्या नांगराची साखळी साठ वाव सोडलेली. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारं माप, सहा फूट, इंग्रजी फॅदम तेच.) खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडायची, म्हणजे तिचा बराचसा भाग तळाशी आडवा पडून राहतो आणि नांगराला ओढ आडवी बसते. साखळी आखूड पडली की ओढ वरच्या बाजूला लागते, नांगर उचकटतो आणि जहाज वाहू लागतं. आता ओवी:

डावा नांगर चिखलात ।
साठ वाव साखळी आत ।
दीप दिसे नैर्ऋत्यात ।
मध्यरात्री ॥

ओवी म्हणून चालेल. लॉग म्हणून नापास. पाण्याची खोली कुठे आहे? आणि 'नैर्ऋत्यात' म्हणजे नेमकं कुठे? दीपगृह २३१ अंशांवर आहे, तेवढंच लिहायचं; तेही एका खुणेवर भागत नाही, दोन-तीन खुणांचे कोन हवेत. रात्री तेच कोन पुन्हा घ्यायचे. ते बदलले तर नांगर घसरतोय. 'नैर्ऋत्य' मात्र जहाज खडकाला लागेपर्यंत नैर्ऋत्यच राहील. म्हणून मग 'दोनशे एकतीस अंशात' लिहून पाहावं, तर ओवीचा कणाच मोडतो.

आकड्यांनी छंद मोडू नये यासाठी आपल्या गणित्यांनी तोड काढली होती. सह्याद्रीच्या कुशीतल्या भास्कराचार्यांनी आपला जन्मशक 'रस-गुण-पूर्ण-मही' असा श्लोकात घातला. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून डावीकडे वाचायचं: शके १०३६. त्या हिशेबाने आपलं दीपगृह 'मही-गुण-नेत्र' अंशांवर आहे. छान बसतं. फक्त पहाटे चारला डोळे चोळत येणाऱ्या गड्याने ते डावीकडून वाचलं, की २३१ चे १३२ झाले.

आणखी एक अडचण. पद्य आधी जुळवून ठेवता येतं, पण रात्र आधी जुळवता येत नाही. ताफ्यात चालणाऱ्या जहाजाचा रोख आणि वेग पहाऱ्यात कितीदा बदलेल सांगता येत नाही, आणि प्रत्येक बदल मिनिटासकट लिहावा लागतो. बंदरात असाल तर वर्षअखेरीची पार्टी उरकून कुणीतरी जिन्यावर गुडघा फोडून घेणार. तीही नोंद आलीच. खाडाखोडीची सोय नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आद्याक्षरी सही. कवीला एवढी शिक्षा पुरे.

माझा एक हट्ट आहे. चांदणं, घर आणि प्रेयसी यांवर चार कडवी आणि बॉयलरचा पत्ता नाही, असली पद्यं मला चालत नाहीत. तिसऱ्या ओळीत जनरेटर अडखळतो, 'सोपा'साठी कुठून तरी फरफटत यमक आणलंय, ती खरी. अधिकाऱ्याची सही, नेव्हिगेटरची तपासणी, कप्तानाची मान्यता हे सगळं या पानालाही लागतंच. तीस वर्षांनी ते राष्ट्रीय अभिलेखागारात जातं, इतर पानांच्याच गठ्ठ्यात.

त्या रात्री बारा वाजता घंटेचे सोळा ठोके पडायची रीत आहे. आठ सरत्या वर्षाचे, जहाजावरच्या सगळ्यात वयस्क माणसाने द्यायचे. आठ नव्याचे, सगळ्यात लहानाने. अलीकडे नौदलाच्या इतिहास विभागाने या पद्यांची स्पर्धाही सुरू केली आहे. व्हिएतनामच्या युद्धात त्या किनाऱ्यालगत असलेल्या जहाजांवरही ही पद्यं लिहिली गेली. पान उलटलं की त्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात ०४०० ते ०८०० ची नोंद: 'पूर्ववत.'