शेवंडीचा जीवाश्म: कात की मढं?

दगडात शेवंड (लॉबस्टर) दिसली की लोक आधी तिची जात विचारतात. खरं तर पहिला प्रश्न हा हवा: ही मेलेली शेवंड आहे, की तिने टाकलेली कात? एक शेवंड आयुष्यात कितीतरी वेळा कात टाकते, मरते मात्र एकदाच.

खूण शिकायची तर ससून डॉकवरून आणलेली शेवंड साफ करताना नीट बघा. पाठीचं कवच आणि शेपटीचा पहिला पट्टा यांच्यामध्ये मऊ पातळ पडदा असतो. कात टाकताना तो फाटतो, कवच मागून वर उचललं जातं आणि त्या फटीतून जनावर बाहेर येतं. दगडातही पाठीचं कवच तिरकं उचललेलं आणि पाय-शेपटी जागच्या जागी असतील, तर ती बहुधा कात. कवच-शेपटी घट्ट जुळलेली असतील, तर मढं असण्याची शक्यता जास्त. सगळंच विस्कटलं असेल तर ठाम बोलू नये, कारण सडलेलं अंगही त्याच सांध्यात तुटतं.

आता समुद्र. जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या सुमारे १५ कोटी वर्षं जुन्या चुनखडीत एरिमा ही नांगीवाली शेवंड लांब मिशांसकट सापडते. तिथल्या खाजणाच्या तळाशी पाणी अतिखारट होतं आणि प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणून मढं कुरतडायला कोणी उरलं नाही. पण अशा तळावर शेवंडही जगली नसती! ती वाहून आली असणार. सापडण्याची जागा आणि राहण्याची जागा एकच धरली की पुढचं सगळं चुकतं.

जीवाश्म असलेला दगडी गोटा फोडताना दोन्ही अर्धे जपा. कवचाचा पापुद्रा बऱ्याचदा समोरच्या तुकड्याला चिकटून निघतो. ॲसिड अजिबात नको, चुनखडीबरोबर कवचातला चुनाही विरघळतो. पापुद्रा सुटत असेल तर १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरलॉइड बी-७२ (जीवाश्म घट्ट करायची पारदर्शक कृत्रिम राळ) विरघळवून, खिडक्या उघड्या ठेवून, बारीक ब्रशने थेंब थेंब सोडा. घट्ट द्रावण आत न मुरता वरच चकाकत राहतं.

मुंबईत मात्र शोधू नका. वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेला गाळ गोड्या पाण्याचा. त्यातून इंडोबॅट्राकस हे इवले बेडूक निघाले. समुद्री खडक हवेत तर कच्छ गाठा. तिथे थॅलॅसिनॉइडीस नावाची फाटे फुटलेली बिळं दिसतील, पण त्यांवर लगेच शेवंडीचं नाव लिहू नका. चिखलात राहणाऱ्या कोळंबीसारख्या जिवांचीही बिळं अगदी तशीच असतात.