आमची वाटचाल: ओकावांगोच्या पाण्यापासून

आमचं प्रकाशन म्हणजे तीन माणसं. गोष्टी मी लिहिते, चित्रं माझी ताई काढते आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक पान सर तपासतात. सरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. मुलांसाठी आफ्रिकेतल्या साहसकथा, एवढंच आम्ही करतो. एका पुस्तकात एकच जागा, आणि गोष्टीतली मुलं त्याच मातीत वाढलेली.

सुरुवात एका नदीमुळे झाली. ओकावांगो अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात शिरते आणि कालाहारीच्या वाळूवर पसरते. समुद्राला ती कधी मिळतच नाही. अंगोलात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो, पण पुढच्या जमिनीला उतार इतका कमी की ते पाणी त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. बोत्स्वानात तेव्हा कोरडा हिवाळा असतो. आभाळ निरभ्र, आणि नदीला पूर! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पाऊस नसताना पाणी चढतंय, यापेक्षा चांगलं रहस्य मुलांसाठी मी कुठून आणणार होते?

त्यातून नालेदीची गोष्ट लिहिली. सेत्स्वाना भाषेत नालेदी म्हणजे तारा. दहा वर्षांची नालेदी आणि तिचा धाकटा भाऊ हरवलेलं वासरू शोधायला मोकोरोतून, म्हणजे ओंडका कोरून केलेल्या अरुंद होडीतून, एका बेटावर जातात. मुक्काम पडतो आणि सकाळी पाहतात तर ओळखीच्या खुणा पाण्याखाली. बेट मात्र कोरडं, कारण तिथली कितीतरी बेटं वाळवीच्या वारुळांभोवती माती साचत गेल्याने तयार झाली आहेत. पपायरस नावाच्या उंच पाणवनस्पतीच्या दाटीतून जाणारी मोकळी वाट पाणघोड्यांच्या रोजच्या ये-जा करण्यानेच खुली राहिलेली असते, आणि नेमकी म्हणूनच ती धोक्याची असते. वारूळ, पूर, पाणघोडा यांतलं काहीही काढलं तर गोष्ट अडकून पडेल, अशी ती बांधली होती.

तरी माझा तिच्यावर पुरता विश्वास नव्हता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी माहितीची चौकट घातली. पुस्तक छापून आल्यावर मुलांना वाचायला दिलं तेव्हा एक मुलगा चौकटीवर तळहात ठेवून वाचत होता. पान उलटलं की हात पुन्हा चौकटीवर. मी विचारलं तर म्हणाला, “मध्ये मध्ये येतंय ते.” वाचून झाल्यावर त्यानेच दुसऱ्या मुलाला अंगोलाचा पाऊस समजावून सांगितला, आणि चौकटीतला एक शब्दही त्याने वाचलेला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत मी सगळ्या चौकटी काढून टाकल्या. तेव्हापासून आमचा नियम ठरला: जी माहिती गोष्ट पुढे नेत नाही, ती पुस्तकात येत नाही. शेवटी फक्त हाताने काढलेला नकाशा असतो.

त्याच पुस्तकाने आम्हाला दुसरा धडा दिला. रात्री बेटावरून नालेदी ध्रुवतारा शोधते, त्यावरून उत्तर ठरवते आणि जमिनीवर रेघ ओढून ठेवते, असं मी लिहिलं होतं. सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं. “नालेदी विषुववृत्ताच्या खाली राहते ना? मग तिला ध्रुवतारा दिसला कसा?” ओकावांगो साधारण १९ अंश दक्षिणेला आहे. तिथे ध्रुवतारा क्षितिजाच्या वर येतच नाही. जिचं नावच तारा, तिच्याच गोष्टीत मी ताऱ्याची चूक केली होती, आणि सरांच्याही नजरेतून ती निसटली होती.

शुद्धिपत्राची चिठ्ठी घालून भागलं असतं. पण मुलं चिठ्ठ्या वाचत नाहीत, त्या पहिल्याच दिवशी गळून पडतात. पुस्तक पिना मारलेलं होतं, म्हणून शिल्लक प्रतींच्या पिना काढल्या, तो एक कागद नव्याने छापून आत घातला आणि पुन्हा पिना मारल्या. तिघांच्याही बोटांना टोचलं. नव्या पानावर नालेदी दक्षिण आकाशात त्रिशंकू, म्हणजे क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह शोधते. जूनच्या संध्याकाळी तो तिथे चांगला उंच असतो. त्याचा लांब दांडा मनाने साधारण साडेचार पट पुढे वाढवायचा आणि तिथून सरळ खाली क्षितिजावर उतरायचं, की दक्षिण सापडते. हे पान आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालं, कारण आता तारे शोधण्याची रीत त्या जागेची आहे. पत्र लिहिणाऱ्या मुलीला पहिली दुरुस्त प्रत पाठवली.

ताईचीही एक आठवण सांगायला हवी. तिने हत्तीचा कळप काढला. मोठे कान, माद्यांनाही सुळे, सगळं बरोबर. सरांनी भिंग लावून सोंडेचं टोक पाहिलं. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेला टोकाशी बोटांसारखे दोन उंचवटे असतात, आशियाईला एकच. ताईने एकच काढला होता. तिने तो पूर्ण कळप पुन्हा काढला. आता ती रंगाला हात लावण्याआधी प्राण्याचे पाय, शेपूट आणि तोंड यांची पेन्सिलीची चित्रं सरांकडे पाठवते. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ नसेल तर मुलं त्याला बिबट्याच समजतात, आणि एकदा पक्की झालेली अशी गल्लत मोठेपणीही जात नाही.

मधल्या काळात एका वितरकाने सुचवलं की पुस्तकांच्या नावात ‘आफ्रिकेचं जंगल’ घाला आणि मुखपृष्ठावर सिंह हवाच, मगच प्रती उचलतो. आम्ही नाही म्हणालो आणि ते वर्ष फार ओढाताणीत काढलं. पण ५४ देशांचा खंड एका जंगलात कोंबायचा? सिंह राहतो तो मुख्यतः गवताळ माळावर आणि विरळ झाडीत. सहारा, कांगोचं वर्षावन, ५,८९५ मीटर उंचीचं किलिमांजारो हे सगळं एकाच हिरव्या चित्रात गुंडाळलं तर मुलांना आम्ही दिलं काय?

दुसरं पुस्तक टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ माळाचं. तिथल्या दहा लाखांहून अधिक विल्डेबीस्टना, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांना, काय म्हणायचं यावर आम्ही बरेच दिवस घातले. मराठीत नाव नाही, म्हणून स्वाहिली ‘न्यूम्बू’ ठेवलं, आणि मुलांना ते म्हणायला फार आवडतं. झेब्रा तिथे ‘पुंडा मिलिया’ म्हणजे पट्टेरी गाढव. सफारी या शब्दाचा अर्थ स्वाहिलीत साधा प्रवास आणि आपली सफर याच अरबी मुळातून आली, हे कळल्यावर मीच हरखले होते.

सध्या तिसरं पुस्तक चालू आहे, मोझांबिकच्या नियासातलं. हनीगाइड नावाचा छोटा पक्षी माणसाला मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत नेतो. तिथले याओ लोक ‘ब्रर्र-हम्’ असा आवाज काढून त्याला बोलावतात, तर टांझानियातले हाद्झा शिट्टी वाजवतात. आपापल्या भागातली हाक पक्षी जास्त ओळखतात, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. मध माणसाला, मेण पक्ष्याला. याओ पक्ष्यासाठी मेण ठेवतात, हाद्झा मात्र बऱ्याचदा ते लपवतात किंवा जाळतात, म्हणजे पक्षी भुकेला राहून पुढचं पोळं दाखवेल. गोष्टीतल्या दोन मैत्रिणी यावरूनच भांडतात. कोण बरोबर हे मी लिहिलेलं नाही, कारण दोन्ही रीतींमागे त्या त्या लोकांचा पिढ्यांचा अनुभव आहे.

काल सरांकडून पानं परत आली. पोळ्याला धूर देण्याच्या चित्राशेजारी लाल शाईत एकच प्रश्न होता: “गवत डावीकडे झुकलंय, मग धूर उजवीकडे कसा?” ताई आज सकाळपासून धूर पुन्हा काढतेय.